स्तोत्रांत आनंद आणि आज्ञापालन एकत्र कसे शिकवावे? (स्तोत्र २, ९५, १००, ११९)

अंगणद्वार यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. प्रौढांच्या गटासाठी स्तोत्रसंहितेवर चार बैठका घ्यायच्या आहेत, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या. विषय ठरला आहे: आनंदाने उपासना आणि देवाचं आज्ञापालन. तयारीत तीन ठिकाणी गाडं अडलं आहे.

१०० वं स्तोत्र सांगतं, हर्षाने परमेश्वराची सेवा करा. २ रं सांगतं, भीतीने सेवा करा आणि वर थरथर कापत आनंद करा. गटात कोणी विचारलं की नक्की कसं, तर काय सांगायचं?

दुसरं, ९५ वं स्तोत्र. सुरुवात इतकी मोकळी, गाऊ या, जयजयकार करू या; आणि शेवट थेट देवाच्या रागाच्या शपथेवर. गाण्यांत बहुधा पहिली सहा-सात वचनंच घेतात. आपणही तिथेच थांबावं का?

तिसरं, ११९ व्याची १७६ वचनं. ४५ मिनिटांत त्यांचं काय करायचं?

हिब्रू येत नाही. मराठी पवित्र शास्त्र हाताशी आहे, तेवढ्यावर भागेल असं सांगा.

---

मूळपाठ यांचं उत्तर:

पहिल्या अडचणीपासून घेतो, कारण ती सुटली की बाकीच्या निम्म्या सुटतात.

२:११ आणि १००:२ ही दोन वचनं हिब्रूत एकाच शब्दजोडीने सुरू होतात: 'इवदू एत्-अदोनाय', म्हणजे परमेश्वराची सेवा करा. फरक फक्त पुढच्या शब्दाचा. २ ऱ्यात 'बेयिरआ', भीतीने. १०० व्यात 'बेसिमखा', हर्षाने. फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा आणि मग विचारा, कोणाला उद्देशून? २ ऱ्यात बंड करून उठलेल्या राजांना आणि न्यायाधीशांना. १०० व्यात साऱ्या पृथ्वीला. सत्ता हातात असलेल्याला आधी धाक आठवून द्यावा लागतो. पण त्या राजांनाही त्याच वचनात 'आनंद करा' म्हटलं आहे, हे निसटू देऊ नका.

आता 'सेवा'. मूळ धातू 'अवद'. शेतात राबणं, चाकरी करणं, मंदिरातली उपासना, सगळं यातच. निर्गम १:१३-१४ मध्ये मिसरी (इजिप्तचे) लोक इस्राएलांना कठोरपणे राबवतात ते याच धातूने, आणि पुढे तिथल्या राजाला, फारोला, 'माझ्या लोकांना माझी सेवा करायला जाऊ दे' असं सांगितलं जातं तेही याच धातूने. म्हणजे प्रश्न चाकरी की स्वातंत्र्य असा नव्हताच. चाकरी कोणाची, हा होता. आपल्या 'सेवा' शब्दातही देवाची सेवा आणि मालकाची सेवा दोन्ही बसतात, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजवायला फार खटपट लागत नाही.

एक वचन मात्र नक्की वाचून घ्या: अनुवाद (बायबलमधलं पाचवं पुस्तक) २८:४७. तिथे शापांच्या यादीत कारण दिलं आहे की तू सगळ्याची विपुलता असताना परमेश्वराची सेवा हर्षाने आणि आनंदित मनाने केली नाहीस. सेवा आणि हर्ष, दोन्ही शब्द १००:२ मधलेच. तोंड पाडून केलेलं आज्ञापालन तिथे अपुरं पालन म्हणून नव्हे, तर सरळ दोष म्हणून मोजलं आहे. 'आज्ञा मुख्य, आनंद असला तर बरा' असं म्हणणाऱ्यापुढे हे वचन ठेवा.

आणि १००:१ मधला 'जयजयकार'. मूळ क्रियापद 'हारीऊ'. १ शमुवेल १०:२४ मध्ये शौलाला राजा म्हणून पुढे आणल्यावर लोक 'राजा चिरायु होवो' अशी आरोळी देतात, तिथे हाच धातू आहे. यरीहो शहराभोवती दिलेली आरोळीही हीच. हा भारावून काढलेला हुंकार नव्हे. राजा कोण हे ज्याला मान्य आहे त्याने केलेला पुकारा आहे, आणि ज्याला राजा म्हणून पुकारलं त्याचं ऐकणं ओघाने आलंच.

---

सातवे_वचन यांचं उत्तर:

९५ वं अर्ध्यावर तोडू नका. थांबायचंच असेल तर दुसरं स्तोत्र घ्या, १०० वं आहे, ९८ वं आहे.

आधी त्याची बांधणी बघा. वचनं ११. पेन्सिल घेऊन डाव्या बाजूला खुणा करा:

१-२: हाक पहिली. गाऊ, जयजयकार करू.
३-५: कारण. तो थोर देव आहे; पृथ्वीची खोल ठिकाणं, पर्वतांची शिखरं, समुद्र, कोरडी भूमी त्याची.
६: हाक दुसरी. लवू, वाकू, गुडघे टेकू.
७ चा पूर्वार्ध: कारण. तो आपला देव, आपण त्याच्या कुरणातली प्रजा.
७ चा उत्तरार्ध ते ११: बोलणाराच बदलतो. 'आपण' जातं, 'मी' येतं.

हाक-कारण, हाक-कारण असं दोनदा होतं. तिसऱ्यांदा हाक यायला हवी आणि तिथे देवच बोलायला लागतो. सूर 'अचानक' बदलतो असं वाटतं ते यामुळे. पण शरीराच्या अवयवांवर बोट ठेवत वाचलं तर क्रम सरळ आहे: १-२ मध्ये तोंड, ६ मध्ये गुडघे, ७ मध्ये कान, ८ मध्ये मन. उपासना तोंडाकडून आत आत सरकत जाते. सहाव्यावर थांबलेलं गाणं गुडघ्यापर्यंत पोचतं, कानापर्यंत नाही.

७ व्या वचनातलं 'आज तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर' हे वाक्य मराठीत फसवं आहे. हिब्रूतला 'शामा बेकोल' हा वाक्प्रचार म्हणजे सांगितलेलं मानणं. मराठीत हे आपण रोज बोलतो: 'आईची हाक ऐकली' वेगळं आणि 'आईचं ऐकलं' वेगळं. हाक ऐकूनही खेळत बसणारा पोरगा आईचं ऐकत नसतोच. तेव्हा हे वचन वाचून झाल्यावर 'त्याचं ऐकाल तर' असं एकदा म्हणून दाखवा. आज्ञापालनावर वेगळं व्याख्यान द्यावं लागणार नाही.

८ व्यातल्या मरीबा आणि मस्सा या नावांसाठी निर्गम १७:१-७ आधी वाचून घ्या. मरीबा म्हणजे भांडण, मस्सा म्हणजे परीक्षा. पाणी नाही म्हणून लोकांनी विचारलं, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? तक्रार तहानेची होती तोवर ठीक. देव सोबत आहे की नाही याचाच पुरावा मागितला, तिथे बिनसलं. आणि ते पाणी निघालं खडकातून. आता ९५:१ परत काढा: 'आपल्या तारणाचा खडक'. तुमच्या प्रतीत 'दुर्ग' छापलं असेल तरी मूळ शब्द 'त्सूर', आणि निर्गम १७:६ मध्येही तोच. म्हणजे गाण्याच्या पहिल्याच ओळीत शेवटाची चाहूल आहे.

वचनं गाळण्याची सवय जुनी आहे. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सकाळच्या उपासनेत हे स्तोत्र अकराही वचनांसह आहे. अमेरिकेतल्या १९२८ च्या प्रार्थनापुस्तकात मात्र ७ व्याच्या मध्यावर थांबून पुढे ९६ व्यातली दोन वचनं जोडली आहेत. ऐकायला गोड लागतं, पण देवाला बोलायची वेळ आली आणि आपण विषय बदलला, असं होतं.

जाता जाता: सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठ-नियमावलीत हे स्तोत्र रात्रीच्या उपासनेच्या आरंभी रोज ठेवलं आहे, आणि ४३ व्या प्रकरणात ते मुद्दाम सावकाश, थांबत थांबत म्हणायला सांगितलं आहे. कारण? उशिरा उठलेल्यांना ते संपायच्या आत येऊन पोचता यावं. शिस्त इतकी कडक आणि तिच्यातच ही सवड.

---

कंस_आणि_पूर्णविराम यांचं उत्तर:

वरची दोन्ही उत्तरं चांगली, पण एक ब्रेक लावतो. 'अवद' म्हणजे राबणंही आणि उपासनाही, म्हणून जिथे जिथे तो धातू येईल तिथे दोन्ही अर्थ कोंबायचे, असं करू नका. शब्दाला चार अर्थ असतात तेव्हा एका वाक्यात साधारण एकच चालतो. १००:२ मध्ये पुढचीच ओळ 'गीत गात त्याच्यापुढे या' आहे, म्हणजे रोख मंदिरातल्या उपासनेवर आहे. सोमवारी सकाळी कामावर जाणं हासुद्धा १००:२ चाच अर्थ, असं प्रवचनात ऐकायला बरं वाटतं; पण ते ओळीतून निघत नाही, बाहेरून आणावं लागतं. निर्गमाशी जोडायचं तर 'हा शब्द ऐकणाऱ्याला ती आठवण झाली असेल' एवढ्यावर राहा.

१०० व्यात आज्ञापालन कुठे आहे ते दाखवायला धातूची गरजही नाही. पाच वचनांत सात आज्ञार्थी क्रियापदं आहेत: जयजयकार करा, सेवा करा, या, जाणा, आत या, उपकार माना, धन्यवाद द्या. मोजून बघा, बरोबर मधलं चौथं 'जाणा'. अलीकडे तीन, पलीकडे तीन. काय जाणायचं? परमेश्वर हाच देव आहे, त्यानेच आपल्याला केलं, आपण त्याचे. मराठी भाषांतरात क्रियापदं कधी 'करीत', 'गात' अशी वळतात, त्यामुळे आकडा कमी भरेल. वर दिलेली यादी फळ्यावर लिहून मग शोधायला सांगा.

आणि या स्तोत्राचा मथळा कोणी वाचत नाही, तो वाचा. 'मिझमोर लेतोदा': तोदासाठी स्तोत्र. तोदा म्हणजे उपकारस्तुती, आणि उपकारस्तुतीचं अर्पणही. त्या अर्पणाचे नियम लेवीय ७:१२-१५ मध्ये आहेत: बेखमीर पोळ्या, चपात्या, तेलात मळलेल्या सपिठाच्या पोळ्या, शिवाय खमिराच्या भाकरी, आणि मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहात याचा हिशेब दिला आहे: चार प्रकार, प्रत्येकी दहा, एकूण ४० भाकरी. प्रत्येक प्रकारातली एक याजकाला, म्हणजे ४ गेल्या. उरल्या ३६, आणि वर जनावराचं मांस. एका कुटुंबाने एका दिवसात हे संपवायचं कसं? माणसं बोलवावीच लागतात. बोलावलेल्यांना कशासाठी जेवण ते सांगावं लागतं. नियम पाळायला गेलात की पंगत आपोआप होते. तुमच्या विषयाला याहून नेमकं उदाहरण मिळायचं नाही, आणि गंमत म्हणजे ते लोक रटाळ समजून ओलांडतात त्या लेवीयात आहे.

यहुदी उपासनेत १०० वं स्तोत्र रोज सकाळी म्हणतात पण शब्बाथाला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) नाही आणि वल्हांडणाच्या (मिसरातून सुटकेच्या सणाच्या) दिवसांतही नाही, त्याचं कारणही हेच अर्पण. शब्बाथाला व्यक्तिगत अर्पणं होत नसत आणि वल्हांडणात खमीर चालत नाही.

---

अंगणद्वार:

सगळ्यांचे आभार. ३६ भाकरींचा हिशेब पहिल्याच बैठकीत घेतो.

दोन गोष्टी राहिल्या. ११९ वं अजून तसंच आहे. आणि गटात काहीजण दुःखात असतील. त्यांच्यापुढे 'हर्षाने सेवा करा' आणि त्यावर अनुवादातला तो शाप, हे फार जड होईल असं वाटतं.

---

दालेथ यांचं उत्तर:

तुमच्या दोन्ही गोष्टींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, ११९:२५-३२.

११९ व्याची रचना: हिब्रू वर्णमालेची २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराला ८ वचनं, म्हणून १७६. कडव्यातली आठही वचनं त्या अक्षराने सुरू होतात. देवाच्या वचनासाठी आठ शब्द आलटून-पालटून येतात: नियमशास्त्र, आज्ञा, विधी, निर्णय, निर्बंध, वचन वगैरे. मराठीत त्यांच्या छटा बऱ्याचदा एकमेकांत मिसळतात, त्यामुळे आठांचा तक्ता करून फरक शिकवायच्या भानगडीत पडू नका. कवी स्वतःच ते अदलून-बदलून वापरतो. एकच खुलासा पुरे. 'तोरा'ला आपण नियमशास्त्र म्हणतो आणि डोळ्यांपुढे कोर्ट येतं. तो शब्द वाट दाखवणं, शिकवणं या अर्थाच्या धातूतून आला आहे. ३३ व्या वचनात 'मला शिकव' हे क्रियापद त्याच धातूचं.

आता २५ ते ३२, दालेथ अक्षराचं कडवं. या आठांपैकी पाच वचनं (२६, २७, २९, ३०, ३२) 'देरेख' म्हणजे वाट या शब्दाने सुरू होतात. दोन, २५ आणि ३१, 'दावक' म्हणजे चिकटणे या धातूने. उरलेलं एक, २८, गळण्याच्या क्रियापदाने: दुःखाने माझा जीव गळतो. ओळीने वाचा काय होतं. २५ मध्ये माणूस धुळीला चिकटलेला आहे. २८ मध्ये तो गळतोय. ३१ मध्ये त्याच क्रियापदाने तो देवाच्या निर्बंधांना चिकटलेला आहे. आणि ३२ मध्ये तुझ्या आज्ञांच्या वाटेने मी धावेन, कारण तू माझं मन मोकळं करशील. चिकटणं सुटत नाही, कशाला ते बदलतं. आणि ३२ मध्येही धावण्याची ताकद तो स्वतःच्या नावावर लिहीत नाही.

दुःखात असलेल्याला हे कडवं द्या. त्याला हसायला सांगत नाही. १४३ वंही जोडीला घ्या: संकट आणि क्लेश यांनी मला गाठलं आहे, तरी तुझ्या आज्ञा माझा आनंद आहेत. दोन्ही अर्धुकं एकाच वचनात, पहिलं संपल्यावर दुसरं नव्हे. १३६ मध्ये तर डोळ्यांतून पाण्याचे पाट वाहताहेत. स्तोत्रातला हर्ष म्हणजे चेहऱ्यावरचा भाव असं धरलं तर ११९ वं उभंच राहत नाही. ४३:४ मध्ये 'माझा परमानंद जो देव' असं म्हणणारा माणूस पुढच्याच वचनात स्वतःच्या जिवाला विचारतो, तू खिन्न का?

अनुवाद २८:४७ बद्दल: तिथलं 'सगळ्याची विपुलता असताना' हे शब्द सोडू नका. तो ठपका भरल्या घरात कुरकुरणाऱ्यावर आहे, रडणाऱ्यावर नाही. ते वाक्य अर्धं वाचून दाखवलं तर नक्की कोणाला तरी लागेल.

बैठकीची आखणी अशी करता येईल. ११९ वं सलग मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटं तरी जातात, तेव्हा ते घरी. बैठकीत तीन कडवी पुरेत: २५-३२, मग ४९-५६ (५४ मध्ये 'तुझे नियम माझी गीते झाली आहेत', म्हणजे आज्ञा हाच गाण्याचा मजकूर), आणि १३७-१४४. प्रत्येक कडवं दोनदा वाचायचं. पहिल्यांदा एकाने सलग. दुसऱ्यांदा गटाचे दोन भाग करून, वचनाचा पूर्वार्ध एका बाजूने, उत्तरार्ध दुसऱ्या बाजूने. स्तोत्राची ओळ दोन अर्धांची असते. दुसरा अर्धा पहिल्याला जोर देतो, वळवतो किंवा उलटवतो. हे कानांना कळतं, समजावून सांगावं लागत नाही. घाई मात्र होते: दुसरी बाजू पहिलीचा शेवट गिळते. पूर्वार्धानंतर एक श्वासभर थांबा, असं आधीच सांगा.

शेवट १७६ व्यावर करा. हरवलेल्या मेंढरासारखा मी भटकलो, तुझ्या दासाला शोध. १७५ वचनं आज्ञांवरचं प्रेम सांगून कवी शेवटी स्वतःला आज्ञाधारक म्हणवत नाही, हरवलेला म्हणवतो. तिथे भाष्य नको.

---

सातवे_वचन:

'दालेथ' यांचं कडवं फारच नेमकं. ९५ व्यालाही अर्धं-अर्धं वाचन लावा, पण ७ च्या उत्तरार्धापासून एकाच आवाजात, बसून ऐकायचं. बोलणारा बदलला हे त्यातून कळतं.

वेळ उरला तर ९५ व्याला ८१ वं जोडा. तिथेही आधी सण, शिंग, पौर्णिमा, आणि मग देवाचं बोलणं, मरीबाही आहे. ऐकण्याचं क्रियापद पाचदा येतं: ५ व्यात एकदा, ८ व्यात दोनदा, ११ आणि १३ मध्ये एकेकदा. आणि बरोबर मध्ये, १० व्यात, 'तू आपलं तोंड चांगलं उघड, मी ते भरीन'. ज्याचं ऐकायचं तो आधी खाऊ घालायला निघाला आहे.

---

कंस_आणि_पूर्णविराम:

एक तांत्रिक गोष्ट, नाहीतर बैठकीत पाच मिनिटं वाया जातील. हिब्रू छापील प्रतींत मथळ्यालाही बहुधा वचनाचा क्रमांक असतो, म्हणून ८१ व्यात वर सांगितलेले आकडे तिथे एकने पुढे सरकतात. ९५ ला मथळा नाही आणि १०० चा मथळा पहिल्याच वचनात धरला आहे, तिथे अडचण नाही. शिवाय लॅटिन परंपरेच्या जुन्या प्रतींत ९ वं आणि १० वं एकत्र असल्यामुळे आपलं ९५ वं तिथे ९४ वं आणि १०० वं ९९ वं. कोणाच्या हातात वेगळी आवृत्ती असेल तर क्रमांकापेक्षा पहिली ओळ सांगा. आणि ८१:७ च्या शेवटी 'सेला' हा खुणेचा शब्द येतो, तो मोठ्याने वाचायचा नाही, तिथे थांबायचं.